क्रुगरमध्ये तंबू ठोकून, स्वतः गाडी चालवून सफारी: एका दिवसाची आखणी

ताडोबात किंवा पेंचमध्ये सफारीची वेळ ठरलेली असते, जिप्सी ठरलेली असते, चालक आणि गाइड सोबत असतात. आपण फक्त बसायचं आणि बघायचं. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर राष्ट्रीय उद्यानात गाडी तुमची, रस्ता तुम्ही निवडायचा, किती थांबायचं तेही तुम्हीच ठरवायचं. या मोकळेपणातच बहुतेकांचा दिवस बिघडतो. उशिरा निघणं, अंतराचा चुकीचा अंदाज, हत्तीजवळ नको तितकं जाणं आणि गेट बंद व्हायच्या बेतात धावपळ करणं, या चार चुका पुन्हा पुन्हा होतात.

खालची आखणी एका ठोस उदाहरणावर केली आहे: मुक्काम उद्यानाच्या आतल्या, कुंपण असलेल्या लोअर सॅबी कॅम्पमध्ये, जमिनीवर ठोकलेला तंबू, भाड्याची साधी गाडी, महिना जुलै. महिना बदलला तर वेळा बदलतील, क्रम तोच राहील.

टप्पा १: भारतातून निघण्याआधी

तंबूची जागा आधी आरक्षित करा. आरक्षण साधारण ११ महिने आधी खुलं होतं आणि लोअर सॅबी, स्कुकुझा, सातारा हे कॅम्प शाळांच्या सुट्ट्यांत लवकर भरतात. (हो, तिथल्या एका कॅम्पचं नाव खरंच सातारा आहे.) रोजचं प्रवेशशुल्क मुक्कामाच्या पैशात धरलेलं नसतं. ते माणशी, दर दिवसाला वेगळं पडतं. दिवस जास्त असतील तर वार्षिक ‘वाइल्ड कार्ड’ (उद्यानप्रवेशाचा वर्षाचा पास) स्वस्त पडतं का, याचं गणित आधीच करून बघा.

आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. तो वर्षभर चालतो, पण मूळ परवाना सोबत असल्याशिवाय त्याला किंमत नाही. दोन्ही न्या. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून आणि स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे हात बसायला वेळ लागत नाही.

क्रुगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं. ऑक्टोबर ते मे धोका जास्त, जुलैत कमी, पण शून्य नाही. गोळ्या घ्यायच्या की नाही आणि कोणत्या, हे निघण्याआधी काही आठवडे डॉक्टरांशी बोलून ठरवा. डॉक्सिसायक्लिन दिलं तर उन्हाने त्वचा पटकन भाजते, तेव्हा लांब बाह्या हव्यातच. विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असेल तर पिवळ्या तापाच्या लशीचा नियम तुम्हाला लागू होतो का ते आधी पाहा. ती लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते.

*सामानातल्या चुका:* गॅसचं नळकांडं विमानात चालत नाही, ते तिथेच घ्या. साजूक तूप, खवा, कच्ची फळं-भाज्या, बियाणं हे विमानतळावर अडकू शकतं. तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे, ब्रेड हे उद्यानाबाहेरच्या म्बोम्बेला, मलेलाने किंवा कोमाटीपूर्टमधल्या सुपरमार्केटात सहज मिळतं. मसाला मात्र घरून न्या.

टप्पा २: गाडी ताब्यात घेताना

फोर बाय फोर लागत नाही. क्रुगरचे मुख्य रस्ते डांबरी आहेत आणि पर्यटकांसाठी खुले असलेले मातीचे रस्ते कोरड्या दिवसांत साध्या गाडीला जमतात. उंच बैठकीच्या गाडीचा फायदा वेगळा आहे. गवतावरून नजर जाते. पावसाळ्यानंतर गवत वाढलेलं असताना हा फरक फार जाणवतो.

छतावर उघडणारा तंबू असलेली गाडी फोटोत छान दिसते, पण त्यात एक अडचण आहे जी बुकिंग करताना कुणाच्या डोक्यात येत नाही. गाडी हलवायची तर तंबू मिटावा लागतो. म्हणजे रोज पहाटे अंधारात, थंडीत, दंवाने ओला तंबू घडी घालायचा. गेट उघडल्यानंतरची सगळ्यात मोलाची वीस-तीस मिनिटं तिथेच जातात. एका कॅम्पवर दोन-तीन रात्री असतील तर जमिनीवरचा तंबू बरा. तो जागेवर राहतो आणि गाडी मोकळी होते.

चावी घेण्याआधी हे बघा:

- सुटं चाक पूर्ण मापाचं आहे का, त्यात हवा आहे का, जॅक आणि पाना आहे का.
- चारही काचा पूर्ण खाली-वर होतात का. दिवसभर याच काचांमधून बघायचं आहे.
- विम्यात टायर, काच आणि गाडीचा तळ येतो का, मातीच्या रस्त्यावर विमा चालतो का. बऱ्याच करारांत हे वगळलेलं असतं.
- समोरच्या काचेवर जुना तडा असेल तर त्याचा फोटो काढून करारावर नोंद करून घ्या.

टप्पा ३: तंबूची जागा

जोहान्सबर्गहून आलात तर क्रोकोडाइल ब्रिज गेट सोयीचं. तिथून लोअर सॅबी ३४ किलोमीटर. आपल्या हिशेबाने अर्धा तास. इथे दीड तास धरा. जुलैत कॅम्पचं गेट साडेपाचला बंद होतं, म्हणून दुपारी साडेतीनच्या आत उद्यानात शिरलेलं असावं.

बहुतेक कॅम्पांत तंबूच्या जागा नंबराने वाटलेल्या नसतात. पावती दाखवून आत जायचं आणि मोकळी दिसेल ती जागा धरायची. जागा निवडताना सावलीआधी वर काय आहे ते बघा. सॉसेज ट्रीखाली तंबू ठोकू नका. त्याची लांबुळकी फळं काही किलो वजनाची असतात आणि न सांगता पडतात. सुकलेली जाड फांदीही नको. विजेचा खांब जवळ हवा असेल तर एक गोष्ट लक्षात घ्या: दक्षिण आफ्रिकेत घरांतल्या जुन्या सॉकेटात आपल्याकडचा गीझरचा जाड तीन पिनांचा प्लग बसतो, पण कॅम्पच्या खांबावर कॅरॅव्हानचा निळा गोल प्लग लागतो. तो जोडणारी वायर सुपरमार्केट किंवा हार्डवेअरच्या दुकानातून आधीच घ्या.

*इशारा:* तंबूत खाण्याची एकही वस्तू नको. बिस्किटाचा पुडा नको, टूथपेस्टही नको. व्हर्वेट माकडं चेन उघडतात, ती अडली तर कापड फाडतात. सगळं खाणं गाडीत, काचा बंद. दिवसभर गाडी बाहेर असेल तर खाणंही गाडीबरोबर जाईल, हे उत्तमच.

सकाळी निघताना जागेवर एखादी खुर्ची किंवा पाण्याचा कॅन ठेवून जा, नाहीतर नवा आलेला माणूस तुमची गाडी लावायची जागा मोकळी समजेल.

टप्पा ४: आदल्या संध्याकाळची तयारी

सफारीचा दिवस आदल्या संध्याकाळी सुरू होतो. पहाटे अंधारात शोधाशोध करणारे लोक गेट उघडल्यानंतर तासाने निघतात.

1. टाकी भरा. लोअर सॅबी, स्कुकुझा, सातारा या कॅम्पांत पंप आहेत, वाटेतल्या पिकनिकच्या जागांवर नाहीत. रोख आणि कार्ड दोन्ही ठेवा.
2. माणशी तीन लिटर पाणी गाडीत. उन्हाळ्यात चार.
3. न्याहारी शिजवून ठेवू नका, पण सामान एका खोक्यात भरून ठेवा: ब्रेड, अंडी किंवा चटणी, थर्मास. कॅम्पच्या सामाईक स्वयंपाकघरात शेगडीच्या तबकड्या आणि उकळतं पाणी मिळतं. पहाटेचा चहा तिथल्या पाण्यावर पाच मिनिटांत होतो.
4. दुर्बीण प्रत्येकाला वेगळी. ८ बाय ४२ ची पुरते. एकाच दुर्बिणीवर चौघं असले की प्राणी निघून जातो आणि भांडण उरतं.
5. कॅमेरा टेकवायला रिकामी जाड कापडी पिशवी न्या आणि तिथे विकत घेतलेले तांदूळ तिच्यात भरा. खिडकीच्या कडेवर ट्रायपॉडपेक्षा बरी बसते.
6. जुलैत पहाटे खूप गार असतं आणि तुम्ही काचा खाली करून बसणार आहात. स्वेटर, कानटोपी, गुडघ्यांवर पांघरूण.
7. कॅम्पच्या दुकानातून छापील नकाशा घ्या. रस्त्यांची नावं एच आणि एस या अक्षरांनी असतात. एच म्हणजे मुख्य रस्ते, बहुतेक डांबरी. एस म्हणजे आडवाटा, बहुतेक मातीच्या.

फोनवरच्या नकाशावर विसंबू नका. सिग्नल बऱ्याच ठिकाणी जातो. शिवाय त्याला गेटची वेळ माहीत नसते, वाटेतला हत्तींचा कळपही माहीत नसतो.

*तपासा:* नोव्हेंबर ते मार्च पावसाचे दिवस. त्या काळात नदीवरचे बुटके पूल आणि मातीचे रस्ते बंद होतात. कोणते बंद आहेत ते रिसेप्शनवर संध्याकाळीच विचारा.

टप्पा ५: वेळेचा हिशेब उलटा मांडा

इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या.

कॅम्पच्या गेटच्या वेळा महिन्यागणिक बदलतात. नोव्हेंबर ते जानेवारी पहाटे ४.३० ते संध्याकाळी ६.३०, फेब्रुवारीत ५.३० ते ६.३०, मार्च आणि ऑक्टोबरमध्ये ५.३० ते ६. एप्रिल, ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये ६ ते ६. मे ते जुलै ६ ते ५.३०. तुमच्या उद्यानप्रवेशाच्या परवान्यावर किंवा गेटवर जे छापलेलं असेल तेच अंतिम. नोव्हेंबर ते जानेवारी उद्यानाची बाहेरची गेटं साडेपाचला उघडतात, म्हणजे कॅम्पपेक्षा एक तास उशिरा. आत तंबू ठोकण्याचा मोठा फायदा तो एक तास.

वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर ताशी ५०, मातीच्या रस्त्यावर ४०. वेग पकडणारे पोलीस आहेत आणि दंड होतो. पण आखणी ५० धरून करायची नाही. थांबे धरून ताशी २५ किलोमीटर धरा. लहान मुलं असतील तर २०.

आता गेट बंद होण्याच्या वेळेपासून मागे चला. ५.३० ला गेट बंद. ५.१५ ला आत असायचं. त्याआधीचा तास कॅम्पपासून पाच किलोमीटरच्या आतच घालवायचा, म्हणजे वाटेत कळप आडवा आला तरी घाबरायची वेळ येत नाही. तेव्हा सव्वाचारला तुम्ही कॅम्पजवळ. बाकीचा दिवस या आकड्यात बसवा.

लोअर सॅबीहून एक चांगला फेरा असा: एच १० ने उत्तरेला त्शोक्वाने ही पिकनिकची जागा, तिथून एच १-२ ने स्कुकुझा, आणि एच ४-१ ने नदीकाठाने परत. साधारण १३० किलोमीटर.

- ६.०० गेट
- ७.४५ ते ८.३० म्लोन्डोझीला (पिकनिकची जागा) न्याहारी
- ११.०० ते ११.४५ त्शोक्वाने
- १.३० ते २.०० स्कुकुझा
- ३.०० न्कुहलू (पिकनिकची जागा)
- ४.१५ सनसेट डॅम (कॅम्पजवळचं तळं)
- ५.१५ कॅम्प

या दिशेला कारण आहे. सकाळी एच १० वर उत्तरेला जाताना ऊन उजवीकडून येतं, डावीकडचं सगळं उजळलेलं दिसतं. दुपारी एच ४-१ वर पूर्वेला येताना सूर्य पाठीशी असतो, आणि सॅबी नदी डाव्या हाताला, म्हणजे तुमच्याच बाजूला राहते. नदीकाठच्या थांब्यांवर वळायला समोरची वाहतूक ओलांडावी लागत नाही.

अकरापर्यंत त्शोक्वानेला पोचला नाहीत तर स्कुकुझाचा कॅम्प वगळा. त्याच्या थोडं आधी एच १२ लागतो. तो सॅबी नदी ओलांडून थेट एच ४-१ ला मिळतो.

टप्पा ६: गेट उघडताना

गेट उघडायच्या दहा मिनिटं आधी रांगेत असा. पहिल्या पंधरा मिनिटांत बहुतेक गाड्या वेगाने पुढे जातात. जाऊ द्या. रात्रभर डांबराची ऊब धरून बसलेले प्राणी कॅम्पपासून दोन-तीन किलोमीटरच्या आतही दिसतात. सिंह आणि तरस सकाळी रस्त्यानेच चालतात. त्यांना मऊ, मोकळी वाट हवी असते.

लोअर सॅबीहून एच १० वर निघालात की लगेच सॅबी नदीवरचा बुटका पूल लागतो. तिथे सावकाश. पाणघोडे, मगरी, करकोचे तिथेच असतात. पण पुलाच्या मधोमध थांबून मागच्यांची वाट अडवू नका.

*इशारा:* गाडीतून उतरायचं नाही. डोकं, हात, खांदा काचेबाहेर काढायचा नाही, सनरूफमधून उभं राहायचं नाही. मुलाला मांडीवर घेऊन स्टिअरिंग धरू देणं हा गुन्हा आहे. उतरायची परवानगी फक्त कॅम्प, पिकनिकच्या जागा, पक्षी बघायच्या झोपड्या आणि पाटी लावलेली निरीक्षणाची ठिकाणं इथेच. एच १० वरचं न्कुम्बे हे असं ठिकाण आहे. उतरण्याआधी आजूबाजूला नीट बघा, कारण तिथे कुंपण नाही.

टप्पा ७: प्राणी शोधायचे कसे

वेग २० ते २५. चालकाने रस्ता आणि रस्त्याच्या कडा बघायच्या. बाकीच्यांनी बाजू वाटून घ्यायच्या, एक डावीकडे, एक उजवीकडे. सगळे एकाच बाजूला बघत राहिले की दुसरी बाजू रिकामी जाते, आणि हे सतत होतं.

झुडपांकडे बघू नका, झुडपांमधून पलीकडे बघा. झाडं उभी असतात, प्राण्याची पाठ आडवी असते. आडवी रेघ दिसली की थांबा. दुपारी प्रत्येक सावली तपासा. बिबट्यासाठी आडव्या जाड फांद्या आणि खाली लोंबणारी शेपटी शोधा.

इतर प्राणी तुमच्यासाठी बरंच काम करतात. इम्पाला (तिथली हरणं) एकाच दिशेला मान वळवून उभे असतील आणि नाकाने फुस्स असा आवाज काढत असतील तर त्या दिशेला काहीतरी आहे. बॅबून या मोठ्या माकडाचं भुंकणं आणि माकडांचा झाडावरून चाललेला ओरडा बिबट्याची खूण असू शकते. जिराफ चरणं सोडून एकटक कुठे बघतोय ते बघा. त्याच्या उंचीवरून त्याला दिसतं ते तुम्हाला दिसणार नाही. गिधाडं झाडावर गप्प बसलेली असतील तर खाली शिकार आहे आणि तिचा मालक अजून तिथेच असण्याची शक्यता आहे.

पाणवठ्यावर इंजिन बंद करा आणि किमान वीस मिनिटं बसा. बहुतेक गाड्या दोन मिनिटं थांबून ‘काही नाही’ म्हणत निघून जातात. प्राणी आधी झाडीत उभे राहून अंदाज घेतात, मग पाण्यावर येतात.

समोरून येणारी गाडी सावकाश झाली तर काच खाली करून विचारा. दोन्ही चालकांच्या खिडक्या समोरासमोर येतात, त्यामुळे हे सोपं आहे. तुम्हाला काय दिसलं तेही सांगा. गेंडा दिसला असेल तर मात्र ठिकाण सांगू नका, फोटो टाकताना जागेची नोंद काढून टाका. शिंगांसाठी शिकार करणारे अशाच माहितीच्या शोधात असतात.

रस्त्यावर हत्तीची लीद पडलेली असेल तर तिला वळसा घाला. तिच्यात शेणकिडे असतात.

दृश्याजवळ गाड्यांची गर्दी झाली तर एक बाजू मोकळी ठेवा. दहा-पंधरा मिनिटं झाली की जागा दुसऱ्याला द्या. गाणी बंद, आवाज हळू. ‘अरे तो बघ, तो बघ’ हा ओरडा आत बसलेल्यांपेक्षा बाहेरच्यांना जास्त ऐकू जातो.

टप्पा ८: हत्ती

स्वतः गाडी चालवताना खरा धोका सिंहापासून कमी, हत्तीपासून जास्त. सिंह गाडीकडे दुर्लक्ष करतो. हत्ती गाडीला तिच्या वागण्यावरून जोखतो.

लांबून कळप दिसला की १०० मीटरवर थांबा आणि तो कुठे चाललाय ते बघा. रस्ता ओलांडत असतील तर शेवटचं पिल्लू जाईपर्यंत थांबा, आणि मग आणखी दोन मिनिटं. मागे राहिलेली एखादी मादी हमखास असते. आई आणि पिल्लाच्या मधून गाडी घालू नका. ५० मीटरच्या आत स्वतःहून जाऊ नका.

पाणवठ्यावर इंजिन बंद करायचं म्हटलं, हत्तीजवळ मात्र ते चालू ठेवायचं. आधीच बंद असेल तर हत्ती अगदी जवळ आल्यावर दचकवणारी सुरुवात करू नका. लांब असतानाच चालू करा. हॉर्न नाही, रेस नाही.

या खुणा दिसल्या की मागे सरका:

- कान पूर्ण फैलावून, डोकं वर उचलून तुमच्याकडे तोंड करून उभा राहणं.
- डोकं झटकणं, पुढचा पाय मागेपुढे झुलवणं, सोंडेने धूळ उडवणं.
- डोळा आणि कान यांच्या मधून काळा ओघळ, मागच्या पायांवर सतत ठिबकणारी लघवी, उग्र वास. हा माजावर आलेला नर. तो रस्ता सोडत नाही. रस्ता तुम्हीच सोडायचा.

मागे सरकायचं तर मागे जागा हवी. म्हणून पुढच्या गाडीला चिकटून थांबू नका आणि तुमच्या मागे गाड्यांची रांग लागत असेल तर वेळीच निघा. रिव्हर्स घेताना घाई नको, सरळ घ्या. आंधळ्या वळणावर वेग २० च्या खाली आणा. वळणापलीकडे हत्ती असतो तेव्हा तो दहा मीटरवर असतो.

टप्पा ९: मधले थांबे

म्लोन्डोझी आणि त्शोक्वाने इथे स्वच्छतागृहं आहेत, त्यामुळे मुलांचा प्रश्न या दोन थांब्यांवर सोडवून घ्या. मधे ‘थोडं थांबवा’ म्हणायची सोय नाही. पिकनिकच्या जागांवर गॅसवरचे मोठे तवे भाड्याने मिळतात. अंडी, पोहे, पराठे, काय हवं ते होतं.

त्शोक्वाने आणि न्कुहलू इथली माकडं सराईत आहेत. ताट टेबलावर ठेवून पाठ फिरवली की ताट गेलं. गाडीची काच चार बोटं उघडी राहिली तरी आत शिरतात. त्यांना हाताने काही देऊ नका. खाण्याची सवय लागलेला बॅबून माणसावर चालून येऊ लागतो आणि शेवटी त्याला गोळी घालावी लागते.

दुपारी बारा ते दोन प्राणी सावलीत बसतात. तेव्हाच जेवून घ्या आणि चालक बदला. पहाटे पाचला उठलेला माणूस दुपारी दोनला डुलकी घेतो, आणि त्या वेळी एच ४-१ वर गर्दी सगळ्यात जास्त असते.

टप्पा १०: परतीचा तास

सव्वाचारला सनसेट डॅमवर या. हे तळं कॅम्पपासून जेमतेम एक किलोमीटरवर, डांबरी रस्त्याला लागून आहे. मगरी, पाणघोडे आणि पाण्यावर येणारे कळप बघत शेवटचा तास इथे सत्कारणी लागतो. पाच दहाला निघा.

उशीर झालाच तर वेग वाढवू नका. संध्याकाळी इम्पाला आणि कुडू (मोठी हरणं) रस्त्यावर उडी घेतात आणि कुडूचं वजन दोनशे किलोंच्या वर जातं. परवान्यावर छापलेल्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करून कुठे आहात ते सांगा, मर्यादेतच या. दंड भरावा लागेल, तो भरा.

बिघाड झाला तर

चाक बसलं तर लगेच दार उघडू नका. गाडी सावकाश मोकळ्या, दूरवर दिसेल अशा जागेपर्यंत सरकवा. टायर खराब होईल, होऊ द्या. आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. सिग्नल नसेल तर पहिल्या येणाऱ्या गाडीला थांबवून निरोप पाठवा. मदत येईपर्यंत आत बसून राहणं सुरक्षित. मदतीविना चाक बदलायची वेळ आलीच तर दुसरी गाडी झुडपाच्या बाजूला उभी करायला सांगा, एकाने फक्त पहारा द्यायचा आणि मुलं आतच.

इंजिन तापलं तर बॉनेट उघडायलाही हाच नियम.

अंधारानंतर कॅम्पमध्ये

चूल पेटवायची जाळी प्रत्येक जागेजवळ असते. लाकूड आणि कोळसा दुकानातून घ्या, उद्यानात पडलेली काटकी उचलायलाही बंदी आहे. स्वयंपाक झाल्यावर भांडी रात्रीच धुवा. हनी बॅजर (छोटे, धीट शिकारी प्राणी) रात्री कचऱ्याचे डबे उलथतात आणि थंड पेटीची झाकणं उघडतात, म्हणून पेटी गाडीत ठेवा आणि गाडी कुलूपबंद करा. कुंपणापलीकडे तरस फिरत असतील. त्यांना हाड टाकू नका.

स्वच्छतागृहात जाताना टॉर्च आणि बूट हवेतच. सकाळी बूट घालण्याआधी उलटे झटका, विंचू आत शिरतात. रात्री साडेनऊनंतर शांतता पाळायची असते, आणि उद्या परत पाचला उठायचं आहे.

उद्यानप्रवेशाचा परवाना फेकून देऊ नका, बाहेर पडताना गेटवर मागतात. भारतात परतल्यावर पुढच्या काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना क्रुगरला जाऊन आल्याचं आधी सांगा आणि मलेरियाची रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्या. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचा राहिलेला कोर्सही घरी आल्यावर पुरा करायचा असतो, तो मधेच सोडू नका.